लोणीच्या सोमाजीचा आवाज

चैत्र लागला की आंबेगाव-जुन्नरच्या पट्ट्यात गावोगाव यात्रा भरतात, आणि यात्रा म्हटली की बैलगाडा आलाच. गाडा पळतो तो चढाच्या मातीवरून; त्या चढाला आम्ही घाट म्हणतो. चार बैल, त्यांच्या पुढं घोडीवर एक स्वार, आणि खालून वर जायला फार तर दहा-बारा सेकंद. तेवढ्यात सगळं होऊन जातं. कडेला उभ्या माणसाच्या डोळ्यात धूळ गेली तर त्याला काहीच दिसत नाही. मग काय झालं ते सांगायला माईकवर एक माणूस लागतो. आमच्याकडं तो माणूस म्हणजे लोणीचा सोमाजी वाळुंज.

घरचा कांदा, बाजरी, दारात दोन म्हशी. वर्षभर सोमाजी चारचौघांसारखाच. किंबहुना घरात तर तो मुकाच असायचा. पण माईक हातात आला की तो वेगळाच माणूस व्हायचा. "आला, आला, गेणभाऊचा आला! हारण्यानं मान खाली घातली बघा, आता ह्यो थांबत नसतो... भिर्रर्रर्र!" त्या आरोळीबरोबर हजार टोप्या हवेत जायच्या. कोणता बैल कुठल्या गाईचा, कोण आवाजाला बुजतो, कोण शेवटच्या टप्प्यात ओढतो, सगळं त्याच्या जिभेवर. एखादा बैल घाटात पडला की हाच आवाज एकदम खाली यायचा. "दमानं घ्या. पोरांनो, मागं सरा. मुकं जनावर हाय ते." आणि तेवढा मोठा घाट गप्प व्हायचा.

शिनोली, डिंगोरे, पार वरच्या अंगाच्या गावांतून त्याला बोलावणं यायचं. शर्यती बंद होत्या त्या वर्षांत तो लग्नं बोलला, दहावे बोलला. आमच्या भागात दहाव्याला नदीकाठी भाषणं होतात. गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलायला लोक सोमाजीलाच पुढं करत. तो कागद घेऊन कधी उभा राहिला नाही. गेलेल्याची एखादी खोड सांगायचा, लोक हसायचे, आणि हसता हसताच रडायला लागायचे.

मग त्याचा घसा बसला. हंगाम होता, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. हंगाम संपला तरी तो बसलेलाच राहिला. बायको मंगल हळद-दूध देत राहिली, काढे देत राहिली. शेवटी मुलगी आरती पुण्याहून आली आणि त्याला मंचरच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यांनी पुण्याला पाठवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल.

"आन आवाज?" मंगलनं विचारलं.

डॉक्टर भला माणूस असावा. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. "आवाज राहणार नाही, मावशी."

आरती ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्यात एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. शाळेपासून ती होस्टेलवर राहिलेली, त्यामुळं बापलेकीत फारसं बोलणं नव्हतं; फोनवर "जेवलीस का" आणि "जेवले" एवढंच. ऑपरेशनच्या आधी ती रजा टाकून घरी आली, माळवदावर सतरंजी अंथरली आणि बापापुढं एक छोटा माईक ठेवला.

"आप्पा, बोला. जे येईल ते. नंतर ह्यातून मशीनला तुमचा आवाज शिकवता येतो."

तिनं वाचायला एक छापील उतारा आणला होता. सोमाजीनं तो बाजूला सारला आणि फाटक्या, घोगऱ्या आवाजात घाट सुरू केला. नसलेले गाडे, नसलेले बैल. मधे खोकला यायचा, पाणी प्यायचा, परत सुरू. खाली म्हशींना पाणी दाखवत असलेली मंगल बादली हातात घेऊन तशीच उभी राहिली होती.

तो फाटका आवाज पुरणार नव्हता. पण जुन्या यात्रांचे व्हिडिओ गावात प्रत्येकाच्या फोनमध्ये होते. आरतीनं ते गोळा केले, त्यातला बापाचा चांगला आवाज वेगळा काढला.

ऑपरेशन झालं. सोमाजी घरी आला तो गळ्याला भोक आणि त्यावर मंगलनं शिवलेला मलमलचा रुमाल घेऊन. श्वास तिथूनच घ्यायचा. भेटायला येणारे मोठमोठ्यानं बोलायचे, जणू हा बहिराच झालाय. तो हात जोडायचा आणि उठून गोठ्यात जायचा.

आरतीनं कंपनीला सांगून घरून काम मागून घेतलं. दिवसा कंपनीचं काम आणि संध्याकाळी बापाचं. एआयला सांगायचं, मला असं असं हवंय, आणि तो प्रोग्रॅमचे तुकडे लिहून द्यायचा. ती तपासायची, चुका काढायची, परत सांगायची. ज्याला एकट्यानं वर्ष लागलं असतं ते काम दिवाळीनंतरच्या थंडीत उभं राहिलं. एक टॅब. त्यावर सोमाजीनं चार शब्द टाइप करायचे. मशीन त्याचं पूर्ण वाक्य करणार आणि त्याच्याच आवाजात बोलणार.

पहिल्यांदा सोमाजीनं एका बोटानं टाइप केलं : गेणभाऊ गाडा आला.

टॅब बोलला, "आदरणीय गेणभाऊ यांच्या बैलगाड्याचे आगमन होत आहे, त्यांचे मनःपूर्वक स्वागत."

आवाज हुबेहूब सोमाजीचा. सोमाजीचे खांदे हलायला लागले. आरती घाबरली, मग तिला कळलं की बाप हसतोय. कित्येक महिन्यांनी. त्यानं टाइप केलं : ह्यो तर तलाठी बोलतोय.

मग दोघं बसले त्याला सोमाजीची भाषा शिकवत. आरतीनं जुन्या व्हिडिओंतलं बोलणं मशीनकडूनच उतरवून घेतलं. ते 'व्हता'चं 'होता' करायचं, 'लई'चं 'खूप' करायचं. सोमाजी ओळ न् ओळ बघून परत 'व्हता' करायचा. शिवाय बैलांच्या टिपणांचं काम निघालं. सोमाजी एकेका दावणीची माहिती टाइप करायचा आणि मशीन ती लावून ठेवायचं, नाव घेतलं की समोर हजर. आरती विचारायची, "आप्पा, हा बादल बुजतो म्हणजे कशानं बुजतो?" तो पुढं सरकून टाइप करायचा, हातवारे करायचा, अंगणात चालून दाखवायचा. लहानपणी बापानं आपल्याला घाटात कधी का नेलं नाही, हे तिनं त्या थंडीत पहिल्यांदा विचारलं. त्यानं लिहिलं : तू बुजशील म्हून. आरती नंतर म्हणायची, आप्पांशी मी आयुष्यात जेवढं बोलले ते सगळं त्या तीन-चार महिन्यांत.

मंगल लांबून बघायची. एकदा आरतीनं तिला बोलावलं. "आई, ये ना, आप्पा तुला काहीतरी म्हणणारेत."

सोमाजीनं टाइप केलं, आणि टॅब बोलला, "मंगल."

लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती. सोमाजीनं तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. आमच्याकडं त्या पिढीत कुणीच मारत नसे. अगं, ऐकलं का, आरतीची आई, असंच. मंगलचा पदर हातातून सुटला. तिनं टॅबकडं बघितलं, मग नवऱ्याच्या बंद ओठांकडं.

"ह्ये तुमी न्हाई बोललात," ती म्हणाली आणि आत निघून गेली. सोमाजी तिच्या मागं उठला, पण दारापर्यंत जाऊन थांबला. आत जाऊन तो काय सांगणार होता?

चैत्रात लोणीची यात्रा आली. यात्रा कमिटीचा अध्यक्ष दादाभाऊ स्वतः घरी आला. "सोमाजी, ह्या टायमाला माईक तुझाच. दुसरं मानूस आमी बघितलंच न्हाई."

मंडपात सोमाजी फेटा बांधून बसला, मांडीवर टॅब, शेजारी आरती. "राम राम, लोणीकर!" कर्ण्यातून आवाज निघाला आणि घाट उभा राहिला. म्हातारी माणसं डोळे पुसायला लागली. गेणभाऊ म्हणून एक जुना गाडामालक होता, सोमाजीचा दोस्त, भलताच भांडखोर. तो खालून ओरडला, "सोम्या, मेला न्हाईस व्हय रं!" सगळे हसले. सोमाजीनं हात वर केला. त्याच्या तोंडावर तसं तेज परत कुणी पाहिलं नाही.

निशाण पडलं, पहिला गाडा सुटला. सोमाजीचं बोट टॅबवर गेलं. त्यानं एक शब्द टाइप केला, दुसरा केला, मशीननं त्याचं वाक्य केलं. तोवर गाडा माथ्यावर पोचून थांबलाही होता. आणि कर्णा सांगत होता, "सुटला रं सुटला, वाऱ्यावानी सुटला!"

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. लोक खाली मातीकडं बघायला लागले.

दुसऱ्या गाड्यालाही तेच झालं. दादाभाऊ मंडपात आला, आरतीच्या कानाशी वाकला. "पोरी, काय तरी कर. मानसं चुळबूळ करायला लागली."

आरतीकडं उपाय होता. कुठला गाडा येणार हे आधी माहीत असायचं. मशीनला बैलांची टिपणं देऊन सबंध समालोचन आधीच करून घ्यायचं आणि निशाण पडलं की एक बटण दाबायचं. तिनं बापाकडं बघितलं. त्यानं टॅब तिच्या मांडीवर ठेवला.

पुढचा गाडा सुटला आणि बटणाबरोबर आवाज उसळला. "आला रं आला, बादल आला! डाव्या अंगानं कसा रेटतोय बघा... भिर्रर्रर्र!" टोप्या उडाल्या. शिट्ट्या, हलगी, सगळं पहिल्यासारखं. त्या गाड्यात बादल उजव्या अंगाला होता आणि रेटत तर अजिबात नव्हता, मधेच बुजून त्यानं गाडा वाकडा नेला होता. आवाज मात्र त्याला रेटवतच होता. सोमाजीनं घाटाच्या दोन्ही कडांकडं नजर फिरवली. एकाही माणसाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. सगळे खूश होते. त्यानं गळ्यावरचा रुमाल सारखा केला आणि संध्याकाळपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

यात्रा गाजली. दोनच दिवसांनी दादाभाऊ परत आला, सोबत दुसऱ्या गावांच्या कमिट्यांची माणसं. "सोमाजीला उन्हातान्हात तरास कशाला? आरती, तुजं ते मशीनच दे की. बटण काय, आमची पोरं दाबत्याल."

आरतीला ते पटलं नव्हतं. ती म्हणाली, "आप्पांना विचारा." सोमाजीनं फोन घेतला आणि बराच वेळ लावून एक ओळ लिहिली : घरात कोंडून ठिवून काय करायचाय. जाऊ द्या.

मग आरतीनं त्याची लिंक करून दिली. फोनवर उघडायची, गाड्याची माहिती टाकायची, सोमाजीचा आवाज तयार. त्या हंगामात सोमाजी वाळुंज जेवढ्या घाटांत बोलला तेवढा उभ्या जन्मात बोलला नव्हता. लोणीच्या शिवारात वारं फिरलं की शेजारच्या गावचा कर्णा ऐकू यायचा. सोमाजी कांद्याच्या वाफ्यात बसलेला असायचा. मंगल म्हणायची, "चला घरात, ऊन झालं." ऊन असो नसो.

श्रावणात गेणभाऊ गेला. झोपेतच गेला. दहाव्याला घोड नदीच्या काठी मोठी गर्दी जमली. सोमाजी नि मंगल गेली. आरती परत पुण्याला राहायला गेली होती, तीही आली. चार पुढारी बोलले. मग गेणभाऊचा नातू ऋतिक माईकपाशी आला. कॉलेज संपलेला, आजोबांवर फार जीव असलेला पोरगा. डोळे सुजले होते त्याचे.

"आजोबांची इच्छा असती," तो म्हणाला, "की सोमाजीआप्पांनी बोलावं. म्हणून मी..." आणि त्यानं ती लिंक उघडून फोन माईकला लावला.

"गेणभाऊ म्हंजी देवमानूस," सोमाजीचा आवाज नदीवर पसरला. "उभ्या जन्मात कुणाला उणा शब्द बोलला न्हाई. गेणा, माज्या दोस्ता, तुज्यावानी शांत मानूस म्या बघितला न्हाई..."

बोली सोमाजीची होती, थांबे सोमाजीचे होते, शब्दांवरचा जोरही त्याचाच. त्या थंडीत दोघांनी बसून शिकवलेलं सगळं. बायका रडायला लागल्या. मागं बसलेले दोन-तीन जुने गाडामालक एकमेकांकडं बघत होते. गेणभाऊच्या शिव्या न खाल्लेला माणूस त्या गर्दीत शोधून सापडला नसता.

सोमाजी उठला. गर्दीतून वाट काढत तो माईकपाशी गेला. ऋतिकला वाटलं आप्पा हात जोडायला आले, तो बाजूला झाला. सोमाजीनं माईक धरला आणि तोंड उघडलं. ओठ हलले. कर्ण्यातून काही आलं नाही. तो आणखी वाकला. मग कर्ण्यातून एक शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला, थांबून थांबून. रुमालाखालच्या भोकातून जाणारा-येणारा त्याचा श्वास होता तो. नदीकाठी एवढी माणसं, पण सगळी माना खाली घालून. मंगल बायकांतून उठली, सरळ पुढं गेली आणि तिनं त्याचं कोपर धरलं.

"चला," ती म्हणाली.

घरी येताना गाडी चालवणाऱ्या आरतीचा फोन टिंग वाजला. मागच्या सीटवरून आप्पांनीच पाठवलं होतं. तिनं गाडी कडेला घेतली आणि वाचलं.

गेणा लई भांडखोर व्हता. त्येच सांगायच व्हत. भांडायचा म्हून तर दोस्त व्हता.

खाली दुसरी ओळ : बंद कर आता त्ये.

आरतीनं त्याच दिवशी लिंक बंद केली, मशीनला शिकवलेला आवाज पुसला. पण कमिट्यांनी समालोचनं आपापल्या फोनमध्ये घेऊन ठेवली होती. त्यावरून कुणी दुसऱ्याच मशीनला शिकवलं. पुढच्या चैत्रात सोमाजीचा आवाज परत घाटांत होताच. मग एका टेम्पोवरून तो फवारणीची औषधं विकायला लागला. आरतीनं दादाभाऊंना फोन केला, चौकीत अर्ज द्यायचं बोलली.

"कुणावर देनार, पोरी?" दादाभाऊ म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं. "लोकं वाईट न्हाईत. त्यांला सोमाजी आवडतो म्हून तर लावत्यात."

ऋतिक एकदा येऊन सोमाजीच्या पाया पडून गेला. सोमाजीनं त्याला उठवलं, चहा पाजला, गोठा दाखवला. त्याच्या मनात त्या पोराविषयी काही नव्हतं.

आता तो यात्रेला जातो, पण मंडपात नाही. खाली, जिथं बैल जुंपतात तिथं तो उभा असतो, बुजणाऱ्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवून. तिथं बोलावं लागत नाही. वर कर्ण्यात कुणाचा आवाज चाललाय तिकडं तो बघत नाही. स्वरयंत्र गेलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या पुण्याच्या एका बाईंकडं जाऊन ढेकरेच्या वाऱ्यावर शब्द काढायला शिकावं, असं आरतीनं सुचवलं. तो दोनदा गेला. जे निघालं ते ऐकून त्यानंच मान हलवली. मंगलला मात्र त्याचं सगळं कळतं. ताटावर वाटी वाजवली की भाकरी, दोनदा वाजवली की पाणी.

आरतीचं दुखणं निराळं आहे. ते तिनं आईलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. ती पुण्यात असते तेव्हा आप्पांचे मेसेज येतात, अशुद्ध, तुटक, त्यांचेच. वाचताना तिच्या मनात आप्पांचा आवाज उमटतो. पण तो कुठला, हे तिला आता कळत नाही. त्या थंडीत तिनं मशीनचा आवाज इतका ऐकला, इतका घासून-पुसून नीट केला, की लहानपणी होस्टेलवर सोडताना एसटीच्या खिडकीखालून आप्पा काय म्हणाले होते ते शब्द तिला आठवतात, आणि ते मशीनच्या आवाजात ऐकू येतात. जुने व्हिडिओ लावून बघितले. ते घाटातले, माईकवरचे. घरातला, हळू बोलणारा बाप कुणीच कधी टिपून ठेवला नव्हता.

"आई, आप्पा घरात कसे बोलायचे गं?" तिनं शेवटी एका रविवारी विचारलं.

मंगल पाट्यावर ठेचा वाटत होती. तिनं हात थांबवला, आठवून बघितलं.

"कमीच बोलायचे," ती म्हणाली, आणि परत वाटायला लागली.